कधीपासून ओळखता

"आली रे, शिट्टी आली!"

उस्तादांचा तो आवाज तिच्या कानांत अजून तसाच होता, खडबडीत आणि मायेचा. ते तिच्या तुकडीचे हवालदार. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पाठीवर वायरलेसचा संच घेऊन चढण चढताना ती तोंडाने शिट्टी वाजवायची, म्हणून पलटणीत तिचं नाव शिट्टी पडलं. अंगावर गणवेश होता, कागदावर आईबापांनी मुलगा समजून ठेवलेलं नाव होतं. पण शिट्टी काही 'आला' होत नाही. शिट्टी आली, शिट्टी गेली, शिट्टी जेवली का रे? व्याकरणाच्या त्या गमतीवर तिने अठरा वर्षं काढली, तहानेल्याने दवावर काढावीत तशी.

आज, पलटण सुटून अकरा वर्षांनी, ती त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. आत शिलाई मशिनं पोट उघडून पडली होती आणि सगळीकडे तेलाचा वास होता. उस्तादांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिचे लांब केस, कानांतले बारीक खडे, सगळं पाहिलं. हातातला पेचकस खाली न ठेवता म्हणाले, "बस."

ती स्टुलावर बसली. "ओळखलंत, उस्ताद?"

"तोंड ओळखायला वेळ लागला. पाय पायरीवर पडला तेव्हाच ओळखला. जेवण झालं?"

"झालं."

"झोप लागते नीट?"

"लागते."

'कसा आहेस' नाही की 'कशी आहेस' नाही. उस्ताद एकेक शब्द पारखून टाकत होते, सुरुंगाच्या रानात पाऊल टाकावं तसे. तिला ते कळत होतं. तिने पिशवीतून सैन्यातल्या नोकरीची नोंद असलेलं डिस्चार्ज बुक काढलं, अर्ज काढला आणि सांगायला लागली.

वायरलेसच्या शाळेत शिकवायची जागा निघाली होती. तिथल्या बाईंनी तिचं डिस्चार्ज बुक चाळून परत दिलं. म्हणाल्या, "हे तुमच्या मिस्टरांचं दिसतंय. तुमचं आणा ना." मग ती सैन्याच्या कचेरीत गेली. कारकून भला माणूस होता. त्या बुकातलं नाव बदलायचा अर्ज त्याने स्वतः भरून दिला आणि सातव्या रकान्याशी अडला. 'साक्षीदार अर्जदाराला नव्या नावाने कधीपासून ओळखतो?' साक्षीदार पलटणीतलाच हवा आणि ओळख निदान दहा वर्षांची हवी.

तिने ते नाव उघडपणे लावून जेमतेम चार वर्षं झाली होती.

"त्याआधी हे नाव कुणाला माहीत होतं?" कारकुनाने विचारलं होतं.

"मला. नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

"ताई, मनातल्याला साक्षीदार नसतो हो," तो खरंच वाईट वाटून म्हणाला होता. "आणि सातवा रकाना कोरा असेल तर अर्ज घेता येत नाही."

उस्ताद ऐकत होते. मशिनच्या चाकावर तेलाचा एक थेंब सोडून त्यांनी चाक फिरवून पाहिलं. करकर थांबली नव्हती. अजून एक थेंब सोडला.

"शाळेची मुदत शुक्रवारी संपते," ती म्हणाली. मग एका दमात बोलून गेली, "उस्ताद, दहा लिहा. खोटं आहे, मला ठाऊक आहे. पण नाही लिहिलंत, तर ती अठरा वर्षं भलत्याच कुणाच्या तरी नावावर राहतील. ती चढण मी चढलेय. तो संच माझ्या पाठीवर होता."

"खोटं लिहायला मी शिकवलं होतं तुम्हा लोकांना?"

"नाही."

"नोंदवहीत एक मिनिट इकडचं तिकडं झालं, तर काय करायचो?"

"अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचात. वर शिव्या वेगळ्या."

"मग दहा नाही लिहिणार."

तिने मान हलवली. रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्याकडून दुसरं उत्तर आलं असतं तर तीच दचकली असती. "येते मी," म्हणून तिने अर्जाला हात घातला. पण अर्जावर उस्तादांचा तळवा होता. त्यांनी फडक्याला बोटं पुसली, खिशातलं पेन काढलं आणि सातव्या रकान्यात सावकाश, अक्षर घोटत काहीतरी लिहिलं. खाली सही केली. कागद तिच्याकडे फिरवला.

एकवीस वर्षं.

"उस्ताद, हे तर दुपटीच्या वर खोटं झालं!"

ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मशिनवर ठेवला.

"पुलापाशी तुझ्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. आठवतं?"

"थोडंसं. शुद्ध कुठे होती मला."

"तीच तर जाऊ द्यायची नसते. जखमी माणसाला नाव विचारत राहायचं. तो सांगतोय तोवर तो आपल्यात आहे. स्ट्रेचर यायला तास लागला. तासभर तुझं डोकं मांडीवर घेऊन मी विचारत होतो, नाव काय, नाव काय. आणि बाकीच्या पोरांना शिव्या घालून लांब पिटाळलं. का पिटाळलं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही."

"का?"

अर्जावरच्या तिच्या नव्या नावाखाली उस्तादांनी तेलकट अंगठा टेकवला.

"कारण तासभर तू हेच नाव सांगत होतीस, पोरी."