गळ्याचं कडवं
इंग्लंडातल्या डॉर्सेटमधल्या आमच्या गावात मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ मीच घालते. लोहाराची मुलगी लेटिस तापानं गेली, असं तिचा कवी नवरा सांगत होता. पण तिच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. लेसची उंच कॉलर देत तो म्हणाला, “सुंदर दिसू दे, बाई. लोक सुंदर तेच खरं मानतात.” घाबरून मी कॉलर बांधली. दुपारी उघड्या शवपेटीपाशी तो आपली कविता वाचू लागला. हंसासारखा शुभ्र गळा, एकही डाग नाही. शेजारीण डोळे पुसत कुजबुजली, “मेल्यावर तरी नशीब काढलं हो पोरीनं!” रोज सकाळी प्रार्थनेत मी म्हणते, देवा, हातून खोटं घडू देऊ नकोस. पुढे झाले आणि कॉलर सोडली. लोहारानं उठून आतून दाराला कडी घातली. “जावईबापू,” तो म्हणाला, “ते गळ्याचं कडवं पुन्हा वाचा.”