पहिला रकाना

दवाखान्यात सिस्टरच्या टेबलावर अर्धा कप गार चहा, वर साय.

वजनकाटा: चार किलो शंभर.

बाहेर कुणीतरी नंबरावरून भांडतंय.

आजचा एकतिसावा कागद.

शिक्षण: चौथी.

"हिला कसलं टेन्शन," सासू बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "टेन्शन शिकलेल्यांना येतं. ही आपली जेवते, झोपते. लिहा, सगळं छान."

सिस्टरनं मान वर केली नाही. तिचे पाय सकाळपासून ठणकत होते.

"आजी, बाळाला लसीच्या रांगेत घेऊन उभ्या राहा. नंबर गेला तर उद्या परत यावं लागेल."

"आजी काय लगेच. आजी होऊन दीड महिनाच तर झालाय," सासू कुरकुरली, पण गेली.

सून खुर्चीच्या कडेवर बसली होती. कपड्यावर दुधाचा ओला डाग. सिस्टरनं तेच एकतिसाव्यांदा सांगितलं: बाळंतपणानंतर मन कसं आहे, ते विचारणार, चार रकाने, कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज.

"कारण नसताना रडू येतं?"

"कधीच नाही."

"बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागत नाही, असं होतं?"

"कधीच नाही."

"स्वतःचं काही बरंवाईट करून..."

"कधीच नाही."

प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. सिस्टर पहिल्या रकान्यात खुणा करत गेली. बरंच होतं, काम उरकत होतं.

"बाळाकडे बघून बरं वाटतं?"

"कधीच नाही."

पेन थांबलं.

"प्रश्न नीट ऐकलास का?"

"चुकलं का?" सुनेचा चेहरा उतरला. "बाकावरच्या मॅडम म्हणाल्या, सगळ्याला कधीच नाही म्हण, लवकर सोडतात. त्या कॉलेजात शिकवतात. त्यांनी पण तसंच सांगितलं." मग अगदी हळू, "यात नापास झालं की बाळ काढून घेतात ना?"

सिस्टरनं गठ्ठ्यातला वरचा कागद उपसून बाजूला ठेवला. शिक्षण: एम. ए. सगळ्या खुणा एकाखाली एक.

"बाळ कुणी नेत नाही गं," ती म्हणाली. "आणि इथं उलटं आहे. जिची उत्तरं वाईट, तिला डॉक्टर आधी बघतात."

सून आपल्या हातांकडे बघत राहिली. बाहेर सुई टोचल्यावर एक बाळ किंचाळलं. तिनं वळून पाहिलं नाही.

"मग तिसरा प्रश्न परत वाचा."

सिस्टरनं वाचला, या वेळी पूर्ण. सुनेचं बोट रकान्यांवरून सरकत गेलं आणि शेवटच्यावर थांबलं.

सकाळी घरातून निघण्याआधी सून चार मजले चढून गच्चीपर्यंत गेली होती. दाराला कुलूप होतं.