वाढलेलं पान

काशिनाथने बर्गर दोन्ही हातांनी उचलला आणि परत ताटलीत ठेवला. एवढा उंच घास तोंडात शिरणार कसा, हेच त्याला कळेना.

"दाबून खावा, बाबा," गौरवी म्हणाली. लेकीने स्वतःसाठी काही मागवलं नव्हतं. मांडीवर फोन घेऊन ती नुसती बसली होती.

मोप्याच्या पठारावर, विमानतळाच्या रस्त्याला लागून हे ठिकाण होतं. काचेपलीकडे स्टीलच्या मोठ्या टाक्या, त्यात इथलीच बियर तयार व्हायची. ती करणारा काशिनाथचा थोरला मुलगा, सिद्धेश. कोरगावहून इथे स्कूटरने यायला फारसा वेळ लागत नाही. काशिनाथला मात्र वर्षं लागली होती.

त्याला कारणही होतं. काशिनाथचा बाप काजूची भट्टी लावायचा आणि गाळलेली निम्मी स्वतःच प्यायचा. एक दिवस भट्टीशेजारी आडवा झाला तो उठलाच नाही. काशिनाथने भट्टी मोडली, गळ्यात माळ घातली आणि घरात दारूचं नाव काढू दिलं नाही. अशा घरातल्या पोराने शिकूनसवरून बियर करायला लागावं, ही थट्टा देवालाच सुचू जाणे. गेल्या चतुर्थीला सिद्धेशने मोठ्या हौसेने एक बाटली आणली, ती बापाने माडाच्या मुळात ओतली. वर म्हणाला, तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, आणि त्या दारूच्या पिठ्याची पायरी तर जन्मात चढणार नाही.

सिद्धेश हसला होता. "एक दिस तुमीच येतालात, बाबा. बसून खातालात, पितालात. बघा."

आणि आज सिद्धेश अडून बसला होता.

सकाळपासून पान वाढलेलं होतं आणि तो त्याला तोंड लावत नव्हता. सगळे मनधरणी करून थकले. धाकट्या महेशने सांगितलं, आईची काळजी मी घेईन. काजूच्या झाडांचं भाट हॉटेलवाल्यांना विकायचं की नाही, यावरून घरात बरीच खडाजंगी झाली होती. ते विकणार नाही, असा शब्द काशिनाथने देऊन टाकला. मामाने तर भाच्यापुढे हात जोडले. ऊन चढलं, माणसं ताटकळली. तो जेवत नाही तोवर घरात कोणाच्याच पोटात घास जाणार नव्हता. पान तसंच.

तेव्हा गौरवीने बापाला बाजूला घेतलं. "तेका दुसरा कायएक नको, बाबा. तुमी थंय जावन खाल्ल्याबिगर तो जेवचो नाय."

एरवी काशिनाथने यावर तासभर वाद घातला असता. आज तो मुकाट्याने तिच्या स्कूटरवर मागे बसला.

साईश हा सिद्धेशचा कामातला जोडीदार. दोघांना दारात पाहताच तो हातातलं टाकून आला, काशिनाथच्या पाया पडला आणि लवकर उठेचना. मग त्याने स्वतःच सगळं आणून मांडलं. बर्गर कच्च्या फणसाच्या टिक्कीचा होता. बाबा मांसमच्छी खात नाहीत, ते आले तर त्यांना चालेल असं काहीतरी हवं, म्हणून सिद्धेशनेच तो बसवला होता, असं साईशने सांगितलं. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सिद्धेशची मोटारसायकल होती. गौरवी मुद्दाम तिकडे पाठ करून बसली.

"काका, ही तेनाच लावलली," ग्लास ठेवत साईश म्हणाला. "तुमच्या भाटातले काजूचे बोंडू घातल्यात. आजच उघडली."

काशिनाथने बर्गर दाबून पहिला घास घेतला. चव वाईट नव्हती, आणि हेच त्याला जास्त लागलं. मग त्याने ग्लास उचलला. पहिला घोट कडू गेला. मागून बोंडूंचा वास आला, लहानपणी बापाच्या सदऱ्याला यायचा तोच. ज्या वासापासून तो जन्मभर पळाला, तो वास पोराने घासूनपुसून स्वच्छ करून त्याच्यापुढे ठेवला होता. बापाने एकदा यावं, चाखावं, एवढंच त्याचं मागणं होतं. तेवढंही आपल्याच्याने झालं नाही, या विचाराने काशिनाथला स्वतःची लाज वाटली. त्याने डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.

गौरवीने महेशला फोन लावला. "जेवलो?"

"नाय. लांबसून नुसतो बघता."

काशिनाथने हे ऐकलं. त्याने उरलेला बर्गर संपवला, ताटलीतले तुकडेही वेचून खाल्ले, ग्लास तळापर्यंत रिकामा केला. मग फोन मागून घेतला.

"महेशा, फोन तेच्या म्होऱ्यात धर."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता.

"सिद्धेशा," काशिनाथ म्हणाला, "इलंय रे मी. बसून खाल्लंय. सगळी प्यालंय. बरी केलंस. तुझ्या हातची आसा, म्हणान घेतलंय. आता तरी जेव, बाबा. उपाशी रवा नको."

काशिनाथ फोन कानाला घट्ट लावून बसून राहिला. बाहेर एक विमान खाली येत होतं. काचेपलीकडे साईश टाकीला टेकून त्यांच्याकडेच बघत उभा होता. गौरवीने बापाचा दुसरा हात धरला.

मग महेशचा आवाज आला.

"बाबा, कावळो शिवलो."