व्हर्लिनकाकाचा अर्धा वाटा

व्हर्लिन स्टॉकडेल गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेला. नोटरीने शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली, आणि टेक्सासपुरता विषय संपला.

पण ते अजून झालेलंच नाही असं समजू. बुधवारचे सकाळचे साडेआठ वाजलेत, व्हर्लिन अजून मेलेला नाही, आणि टॅमरा स्टॉकडेलची सगळी अडचण तीच आहे.

"गॅस कंपनीला दोन्ही वाटे हवेत, नाहीतर काहीच नको," टॅमरा म्हणाली आणि तिने होलिस प्रॅटच्या कपात कॉफी ओतली, थोडी टेबलावरही. "उद्या दुपारी बारापर्यंतच हा भाव."

आजोबांनी जमीन कधीच विकली होती, जमिनीखालच्या गॅसचा हक्क मात्र ठेवला होता. त्यातला अर्धा टॅमराच्या वडिलांचा, म्हणजे आता तिचा. उरलेला अर्धा व्हर्लिनकाकाचा. तो शहाऐंशी साली समुद्रातल्या तेलाच्या रिगवर गेला तो गेलाच. गॅसच्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. दर वर्षी गॅस कमी, दर पत्रात भाव कमी. या भावात हे कॅफे विकत घेता आलं असतं. पुढच्या पत्रातल्या भावात फार तर त्याचं दार आलं असतं. एकोणीस वर्षं टॅमरा इथे अंडी तळत होती आणि महिनाअखेरीस मालक जागा टायरवाल्यांना देणार होता.

होलिस त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात होता. टॅमराच्या वडिलांना पुरलं त्याच आठवड्यात तो गावात आला. तेव्हापासून चौदा वर्षं तेच टेबल. आत्ता तो मक्याचा पाव ताकात कुस्करून वर मिरपूड घालत होता.

"हे असलं भयंकर खाणारे फक्त माझे बाबा पाहिले होते," टॅमरा म्हणाली.

"रिगवर सगळेच खातात. कुणाला दात नसतात."

"काका गेला तेव्हा तुम्ही तिथे होतात, असं म्हणाला होतात ना एकदा?"

होलिसचा चमचा थांबला. "होतो."

"मग ऐका. काका मेला असं कुणी शपथेवर सांगितलं की त्याचा वाटा मला येतो, त्याला दोन साक्षीदार लागतात. काकाला ओळखणारे, पण नात्यातले नकोत आणि यातून काही मिळणारेही नकोत. एक मिस यूलेलिया, काकाच्या शाळेतल्या बाई. दुसरं कुणी उरलंच नाहीये हो."

"मला काही मिळणार नाही ना?"

"कवडीसुद्धा नाही."

"मग ठीक आहे."

टॅमराने डोळे पुसले आणि त्याच फडक्याने टेबल पुसलं. "काकाच्या नावाचा दगड लावणार आहे मी. बाबांच्या शेजारी. खाली कुणी नसलं तर नसलं. आमच्या दफनभूमीत रक्ताच्या नात्याशिवाय जागा मिळत नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा समितीने नाही म्हटलं."

"वारला का तो?"

"छे! आधी विचारून ठेवलं होतं. रुसून तुल्साला गेला."

कोर्टातली नोटरी पोरसवदा होती, पण चेहरा तीस वर्षं नोकरी झाल्यासारखा. कंपनीचा माणूस दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. चौऱ्याण्णव वर्षांच्या मिस यूलेलियांनी विचारलेलं सगळं खरं असल्याचं सांगितलं, सही केली, आणि चष्मा नाकावर सरकवून होलिसकडे पाहिलं.

"तुला मी शिकवलंय का रे?"

"मला कुणीच शिकवलेलं नाही, बाई."

"पोक काढू नकोस."

होलिस ताठ बसला.

"व्हर्लिनना किती जवळून ओळखत होतात?" नोटरीने विचारलं.

"रिगवर एकच खाट होती. पाळीपाळीने झोपायचो, हाताला येईल ते जॅकेट घालायचो."

"त्यांचं लग्न?"

"जमलं नाही."

"मुलं?"

"नाहीत."

"मृत्यू तुमच्यासमोर झाला?"

होलिसने कपाळावरचा घाम टिपला. "वादळ होतं. दोघं पाण्यात पडलो, वर काढलं एकालाच. हुडहुडीने मला माझं नाव आठवेना. अंगावरच्या जॅकेटच्या खिशात कार्ड होतं, काढणाऱ्यांनी त्यावरचं नाव मला वाचून दाखवलं."

"तुमच्या तब्येतीचं मी विचारलेलं नाही. व्हर्लिन स्टॉकडेल मेले, हो की नाही?"

"त्याचा भाऊ तर म्हणायचा, मेला. वादळाच्या तीन वर्षं आधीपासून म्हणायचा."

"भाऊ काय म्हणायचा ते नको."

कंपनीच्या माणसाने पेनाचं टोपण लावलं. टॅमराचा चेहरा पांढरा पडला. मिस यूलेलियांना डुलकी लागली होती, बरंच झालं.

"हो," होलिस म्हणाला. "मेला."

"स्टॉकडेल कुटुंबाशी तुमचं रक्ताचं नातं?"

टॅमरा त्याच्याकडे बघत होती. हनुवटी अगदी बापाची. होलिसने शिक्क्याकडे पाहिलं.

"नाही."

ठप्. अकरा वाजून दहा मिनिटं.

कॅफे टॅमराचं झालं. टायरवाले दुसरीकडे गेले. ऑक्टोबरात दगड लागला, छान गुळगुळीत, आणि टॅमराने आग्रह करून होलिसला तिथे नेलं. तो टोपी हातात धरून बराच वेळ उभा होता. "लेलँडच्या इतका जवळ?" एवढंच तो म्हणाला. लेलँड म्हणजे टॅमराचे वडील. येताना तिने त्याला सांगून टाकलं की यापुढे त्याचा मक्याचा पाव फुकट. शपथ मोडेल म्हणून त्याने पैसे दिले.

त्याच आठवड्यात त्याने कोपऱ्यातल्या टेबलावर, ताठ बसून, वळणदार अक्षरात एक अर्ज लिहिला.

"प्रति, स्टॉकडेल दफनभूमी समिती. विषय: जागा राखून ठेवण्याबाबत. अर्जदाराचं सदर कुटुंबाशी रक्ताचं नातं नाही, हे त्याने शपथेवर सांगितलेलं असून कोर्टात तशी नोंद आहे. तरी कै. लेलँड यांच्या शेजारच्या नव्या दगडाखालची जागा, जी रिकामी असल्याची अर्जदाराला खात्री आहे, ती अर्जदाराला मिळावी. नवा दगड नको. आहे त्यावर नाव बरोबर आहे. वेळ येईल तेव्हा फक्त मृत्यूचं साल दुरुस्त करावं, ही नम्र विनंती."