न आठवणारा त्रास

"कुकरची शिट्टी झाली की माझे हात लटलटा कापतात. प्रयोगाच्या नावाखाली काय केलंत माझं?" कुमुदिनीबाई कडाडल्या.

"प्रयोग संपला की त्याची आठवण आम्ही पुसतो, बाई. त्रास आठवतच नाही, म्हणजे तो झालाच नाही. नियमच आहे तसा," डॉ. करमळकर शांतपणे म्हणाले. "हा संतापही पुसून देतो. बसा खुर्चीत."

"खबरदार! संताप माझा आहे. आता हे मी विसरणार नाही!"

विसरू नये म्हणून नेहमीसारखी गाठ मारायला त्यांनी पदराचं टोक धरलं. बाहेर नेसायची त्यांची ही एकच साडी.

टोकाला गाठी आधीच होत्या. एकीला लागून एक, करकचून मारलेल्या. नवीन गाठीला जागाच उरली नव्हती.