भावी नगरसेवकाची सावली

"काकू, आपला फ्लेक्स जरा तिकडं सरकवला तर?" रविराजनं शक्य तितक्या सहज विचारलं.

मंजुळाबाई ओट्यावर बसून कुरडयांच्या सोऱ्याला तेल लावत होत्या. त्यांनी मान वर केली. पूर्वेच्या दोन टॉवरांच्या फटीत, बरोबर जिथून सकाळचं ऊन आळीत उतरायचं तिथं, दोन मजली रविराज हात जोडून उभा होता. गॉगल, मिशी, गळ्यात साखळी. खाली ‘भावी नगरसेवक’ आणि कडेला ‘शुभेच्छुक : मंजुळाबाई (काकू)’. त्याच्या सावलीत खऱ्या रविराजची काळी जीप उभी होती.

"आपला कसला? तुझा हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "आन् सरकवू कुठं? आख्ख्या मोशीत तुझं तोंड न्हाई अशी एक जागा दाखव."

त्याच्या मागची पोरं हसली. रविराजचा उजवा हात ज्योतीराम, त्यानं पोरांवर डोळे वटारले आणि स्वतःचं हसू खोकल्यात घातलं.

जीप डोंगरदऱ्यांसाठी सजवलेली. चिखलात न रुतणारी चाकं, नदीत इंजिन बुडू नये म्हणून टपापर्यंत आलेली नळी. इंद्रायणी तिनं आजवर पुलावरूनच ओलांडली होती, ते सोडा. जंगलात अडकलो तर हाताशी वीज हवी, म्हणून रविराजनं टपावर सोलरची दोन पॅनेलं बसवली होती, आत वेगळी बॅटरी, आणि तिच्यावर फ्रिज, पंखा, शिवाय चार आळ्यांना पुरेल असा स्पीकर. हिंजवडीच्या ट्रॅफिकपेक्षा घनदाट ठिकाणी अडकायची वेळ अजून आली नव्हती. पण बॅटरीला रोज ऊन लागायचं, आणि टॉवर झाल्यापासून आळीत ऊन उरलं होतं ते फक्त मंजुळाबाईंच्या दारापुढं, चादरभर.

त्या चादरीवर त्यांच्या कुरडया वाळायच्या आणि त्या कुरडयांवर त्यांचं घर चालायचं. गेल्या आठवड्यात त्या गिरणीतून परत येईपर्यंत रविराजनं ओल्या कुरडया चादरीसकट गुंडाळून ओट्यावर ठेवल्या आणि तिथं जीप लावली. तीन दिवस भिजवलेला गहू, पहाटे उठून शिजवलेला चीक, सगळ्याचा एक गोळा. वर म्हणाला, "ऊन काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतं का, काकू?"

मंजुळाबाईंनी गोळा गाईपुढं टाकला, हात धुतले आणि तशाच फ्लेक्सवाल्याकडं गेल्या.

"काकू, बॅटरी पार झोपली हो," रविराज आता खालच्या आवाजात म्हणाला. "दुपारी साहेब येणारेत. इंजिन बंद ठेवून नुसत्या उन्हावर माइक चालवून दाखवतो म्हणालोय त्यांना. तिकिटाचा प्रश्न आहे."

"मग उतरव की. तुझंच तोंड, तुझ्याच हातानं."

रविराजनं ज्योतीरामकडं बघितलं. ज्योतीरामनं दोरीला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. फ्लेक्सचा कोपरा फाडला म्हणून ह्याच रविराजनं एका रिक्षावाल्याला भर चौकात फ्लेक्सच्या पाया पडायला लावलं होतं, तेव्हा रिक्षावाल्याची मान ज्योतीरामनंच धरली होती.

"दादा, वर बघा," तो पुटपुटला.

समोरच्या गॅलरीत सयाजीचा माणूस मोबाइल धरून उभा होता. सयाजी म्हणजे ह्याच वॉर्डातला दुसरा भावी नगरसेवक.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला निदान मुदत असते; वाढदिवस सरतो. भावी सरत नाही. रविराजला हे आज पहिल्यांदाच कळत असावं. वरच्या दोन मजली स्वतःकडं त्यानं एकदा बघितलं. मग त्यानं किल्ली ज्योतीरामच्या हातात दिली.

"चाकण रोडच्या मोकळ्या प्लॉटवर लाव. दुपारपर्यंत चार्ज झाली पाहिजे. आणि ह्यापुढं तिथंच लावायची."

"सावकाश ने रं," मंजुळाबाई म्हणाल्या. "रस्त्यात खड्डं हायत."

जीप वळणाआड गेली. मंजुळाबाई ओट्यावरून उतरल्या. "चला पोरांनो, घ्या आता खाली."

"उतरवायचा?" पोरं रविराजकडं बघायला लागली.

"उतरवायचा न्हाई. आडवा करायचा. शुभेच्छुक मी हाय का तो?"

दोऱ्या सुटल्या. दोन मजली रविराज डुलला, वाकला आणि जीपच्या जागी उताणा झाला. टॉवरांच्या फटीतून ऊन धाडकन त्याच्या तोंडावर आलं.

"काकू, पालथा तरी घाला," रविराज म्हणाला.

"जित्या माणसाला पालथं घालू? शिव शिव!"

त्यांनी आतून वाफाळता चीक आणला, सोऱ्यात भरला आणि छातीवरनं अनवाणी चालत वर गेल्या. पहिली कुरडई गॉगलच्या उजव्या काचेवर पडली. दुसरी डाव्या. मिशीवर तीन बसल्या.

"अहो, तोंडावर तरी नका ना घालू!"

"मग कुठं? कडंला माझं नाव हाय. स्वतःच्या नावावर कसं घालू?"

गॅलरीतला मोबाइल थोडा पुढं वाकला. तेवढ्यात केबलच्या वायरीवरचा कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून गालावर आला आणि त्यानं मिशीत चोच घातली.

"हाड्! हाड्!" रविराज चपला टाकून धावला. कावळा मिशीची तार ओढत उडाला.

मंजुळाबाईंनी सोऱ्या फिरवतच मान हलवली.

"लगेच शिवला बघ. म्हंजी तुझी इच्छा काय ऱ्हायली न्हाई."