वच्छलाबाई काही पास होईनात

वच्छलाबाईंनी पुन्हा भलतंच बटण दाबलं आणि सकाळपासून भरलेले दुधाचे आकडे गडप झाले.

"अवं माय! बठ्ठं पुसाई गयं का रे भाऊ?"

"जाऊ द्या अक्का, परत भरू," अभिमन म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

धुळ्याच्या त्या दूध संघात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी खोली रंगवली, एसी बसवला, नारळ फोडला आणि दारात चपला काढायची पाटी लावली. माणसांना घाम पुसायला पंखा धड नव्हता, पण खोक्याचा थाट बघा! संघातल्या लोकांना ते शिकवायला कंपनीनं असोद्याच्या अभिमनला धाडलं. बिचारा अजून उमेदवारीवर होता. साहेबांनी बजावलं होतं, शनिवारी चाचणी. एक जरी नापास झाला तरी कायम होण्याचं विसरायचं. आणि कायम झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, असं अभिमननं घरी ठणकावलं होतं. आलेली स्थळं त्यानं न बघताच परतवली होती.

सुरुवातीला सगळे फुगून बसले. हेडक्लार्क जीवराम नानांनी तर कॉम्प्युटरवर लिंबू-मिरची टांगली.

"हे खोकं आलं म्हणजे आम्ही घरी," नाना म्हणाले.

"नाना, खोकं बेरीज करेल. दूधवाल्यांशी भांडायला तुम्हीच लागणार!"

नाना खुदकन हसले. दुसऱ्या दिवशी ते वच्छलाबाईंना घेऊनच आले. "यांनाही बसवा. आपल्याच आहेत."

बाकीचे भराभर शिकले. नानासुद्धा एका बोटानं का होईना, बिल छापू लागले. वच्छलाबाई मात्र होत्या तिथेच. वर बोलण्याला खळ नाही. शेती कितली शे? बहिणींची लग्नं झाली का? आई कशी आहे? त्या विचारत आणि बाकीचे खाली मान घालून खोकत. बाई यंत्राला घाबरते, म्हणून गप्पांत वेळ काढते, असं अभिमनला वाटे. त्याला तिची कीव यायची.

शुक्रवारी तर त्यांनी पायानं वायरच ओढली. पडदा काळा. सगळ्यांचं काम गेलं. अभिमन बाहेर गेला, माठातलं दोन पेले पाणी प्यायला आणि परत आला.

"चूक माझी. वायर तिथे ठेवायलाच नको होती."

"तुले राग येस नही का रे भाऊ?"

"येतो की, अक्का. पण रागानं कोण शिकतं?"

शनिवारी कंपनीचे साहेब आले. शेजारी संघाचे मॅनेजर. एकेक करून सगळे पास झाले. राहिल्या वच्छलाबाई. त्या हात जोडून कॉम्प्युटरसमोर बसल्या.

नाना अभिमनच्या कानाशी लागले. "तुम्हीच दाबून टाका ना बटणं. साहेब चहा पिताहेत, कोण बघतंय?"

इतके महिने राबला होता अभिमन या नोकरीसाठी. क्षणभर हात पुढे गेलाही. मग त्यानं तो मागे घेतला.

"नको नाना. खोट्यानं पास केलं, तर सोमवारी अक्कांचीच फजिती होईल."

तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, या नापास आहेत. पण दोष माझा, मला शिकवता आलं नाही. त्यांना बोल लावू नका, आणखी आठ दिवस द्या. माझं काय करायचं ते करा."

मॅनेजरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नापास? अहो, पण या बाई आहेत कोण? आमच्याकडे तर कामाला नाहीत!"

खोलीत एकदम खोकल्याची साथ आली. वच्छलाबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नानांकडे वळल्या.

"पोऱ्या पसंत शे, नाना. आते घर जाईसन मनी पोरले ईचारस."